तांदूळ म्हणून घेतले, औषध निघाले

आमचे गाव मावळातले. घरची साडेतीन एकर भातशेती, दोन म्हशी, आणि थोरल्या भावाचे व माझे मिळून अकरा माणसांचे एकत्र कुटुंब. थोरल्या भावाला आम्ही सारे अण्णा म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणारे घर. तेव्हा तांदूळ या वस्तूविषयी बाहेरच्या कोणी आम्हाला काही शिकवावे, असे आमच्या घरात आजवर कोणाला वाटले नव्हते. त्याच तांदळाने २०२३ च्या लावणीत आमच्या घरावर कसा प्रसंग आणला, आणि त्यात चूक तांदळाची नसून माझी कशी होती, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. आपली चूक चारचौघांत सांगायला कोणालाच आवडत नाही. पण ती सांगितल्याने एखाद्या घरचा प्रसंग टळत असेल, तर गप्प राहणे बरे नव्हे.

त्या वर्षी जानेवारीत गावात आरोग्य शिबिर भरले होते. शाळेच्या पडवीत रक्त तपासत होते. मी सहज हात पुढे केला. आठ दिवसांनी कागद आला, त्यात माझे एकूण कोलेस्टेरॉल २४८ आणि त्यातले वाईट समजले जाणारे एलडीएल १६२ निघाले. शिबिराच्या डॉक्टरांनी सांगितले, “तालुक्याला येऊन दाखवा, कदाचित गोळी सुरू करावी लागेल.” गोळी म्हटले की माझ्या कपाळाला आठी पडते. अण्णांना २०२१ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्यांच्या रक्तवाहिनीत जाळी बसवलेली आणि रोजच्या पाच गोळ्या. त्या गोळ्यांचा डबा पाहून मी नेहमी म्हणे, “देवा, हे माझ्या वाट्याला नको.”

माझी मुलगी अमेरिकेत असते. तिला फोनवर हे सांगितले, तेव्हा जावई म्हणाले, “बाबा, इथे बरेच लोक लाल तांदळाच्या कॅप्सूल घेतात. नैसर्गिक असतात, तांदूळ आंबवून केलेल्या. ओळखीचे एक जण येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. मात्र डॉक्टरांना विचारून घ्या बरं का.”

पहिली तीन वाक्ये मी नीट ऐकली. शेवटचे कानाआड केले.

फेब्रुवारीत बाटल्या आल्या. चांगल्या पाच बाटल्या, एकेकीत १२० कॅप्सूल. आत विटकरी रंगाची भुकटी. मला मोठा आनंद झाला. आपल्या कोकणात तांबडा भात होतो, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला त्याची पेज देतात. आपण उन्हाळ्यात आंबील पितो, तीही आंबवलेलीच. हा तसलाच काही प्रकार, असे मी धरून चाललो. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन कॅप्सूल घेऊ लागलो. तेलकटही थोडे कमी केले. एप्रिलच्या शेवटी वडगावला जाऊन रक्त तपासले, तर २४८ चे २०९ झालेले! घरी येऊन कागद सगळ्यांना दाखवला. पेढे तेवढे वाटायचे राहिले.

इथवर सारे ठीक होते. पण आपल्याला गुण आला की तो शेजाऱ्याच्या पदरात घालण्याची आपल्या लोकांना भारी हौस. मी उरलेल्या दोन बाटल्या अण्णांच्या हातात ठेवल्या.

अण्णा म्हणाले, “आरं, मी तर डॉक्टरची गोळी घेतोय की रोज रात्री. ही आणिक कशाला?”

मी म्हणालो, “अण्णा, ती औषधाची गोळी. हा नुसता तांदूळ. एका बैलानं नांगर ओढण्यापेक्षा दोन जुंपले तर बरंच की!”

अण्णांनी मान डोलावली. थोरला असून माझ्या चार बुकांवर त्यांचा फार विश्वास. मेअखेरीपासून ते सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल आणि रात्री आपली गोळी असे दोन्ही घेऊ लागले.

लावणीतले दुखणे

त्या साली पाऊस उशिरा आला. आला तो एकदम, आणि जुलैत सगळ्यांची लावणी एकाच वेळी निघाली. माणसे मिळेनात. अण्णांना घरच्यांनी नको म्हटले तरी ते चिखलात उतरलेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मांड्या आणि खांदे दुखू लागले. लावणीत कोणाचे अंग दुखत नाही? वहिनींनी तेल चोळले, गरम पाण्याने शेकले. मी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी अण्णांना सदरा घालायला हात वर नेता येईना. जेवून उठताना भिंतीला धरून उठू लागले. म्हणाले, “पाय माझं न्हाईत, लोकाचं झाल्यात.” आम्ही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

सातव्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. जरा अडखळल्या आणि म्हणाल्या, “भावजी, यांची लघवी कोऱ्या चहासारखी होतीय. दोन दिवस झालं. सांगू नको म्हणत होतं.”

तेव्हा मात्र पोटात गोळा आला. तसेच गाडी करून तालुक्याला नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कोणकोणती औषधं चालू आहेत?” मी पाचही गोळ्यांची नावे पाठ म्हणून दाखवली. “आणखी काही? आयुर्वेदिक, झाडपाला, पावडर?” मी म्हणालो, “नाही बाई, आणखी काही नाही.” त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा नाही म्हणालो. वाचकहो, मी खोटे बोलत नव्हतो. माझ्या मनात तो तांदूळ औषधांत धरलेलाच नव्हता.

वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या मागे बाकावर बसल्या होत्या. निघताना त्यांनी घाईत फळीवर असेल नसेल ते सारे एका कापडी पिशवीत भरून आणले होते. गोळ्यांचे डबे, पोट साफ होण्याचे चूर्ण, दुखण्याच्या गोळ्या आणि ती बाटली. त्यांनी उठून ती पिशवी टेबलावर पालथी केली. बाईंनी बाटली उचलली, वाचली आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “हे किती दिवस घेताय? अहो, ही रात्रीची गोळी आणि ही बाटली, दोन्हींत एकाच जातीचं औषध आहे. त्यात चिखलातली मेहनत, त्यात या दुखण्याच्या गोळ्या. स्नायू विरघळायला लागलेत यांचे.”

त्याच दिवशी पुण्याला हलवले. रक्तात सीपीके नावाची एक तपासणी करतात. स्नायू झिजले की तो आकडा चढतो. साधारण माणसात तो शंभर-दोनशेच्या घरात असतो. अण्णांचा अकरा हजारांवर गेला होता. फुटलेल्या स्नायूंतले रंगद्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत जाऊन बसते. लघवी काळपट होते ती त्यामुळेच. गाळणी पार तुंबली तर माणूस यंत्रावर जातो. अण्णांसाठी यंत्राची तयारी ठेवली होती. चार दिवस सलाईनवर सलाईन चालले. पाचव्या दिवशी लघवीचा रंग उतरू लागला. नवव्या दिवशी घरी आणले. पुढचे दोन महिने ते पडवीत बसूनच होते. भात निसवला, तो त्यांनी बसल्या जागेवरून पाहिला.

तांदळात औषध आले कोठून?

अण्णा घरी आल्यावर मी या लाल तांदळाची माहिती काढू लागलो. मनाला चैन नव्हते. डॉक्टरीणबाईंना विचारले, पुतण्याकडून वाचून घेतले. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

कोलेस्टेरॉल म्हणजे वैरी नव्हे. ते मेणासारखे द्रव्य शरीराला लागतेच. पेशींच्या भिंती, पित्तरस, काही संप्रेरके त्यापासून होतात. त्यातले बरेचसे आपले यकृतच तयार करते. ते रक्तात जास्त झाले की रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला त्याची पुटे बसू लागतात. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना सांगायला नको. क्षाराच्या पाण्याने नळी आतून कशी भरत जाते, आणि वरून काहीच दिसत नाही, एके दिवशी शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही तेव्हा कळते. कोलेस्टेरॉलचे तसेच. त्याने काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तपासावे लागते.

आता तो लाल तांदूळ. तो आपला तांबडा भात नव्हे. आपल्या तांबड्या भाताचा रंग दाण्याच्या सालीचा, जातीचा. चीनमधला हा तांदूळ मुळात पांढराच असतो. तो भिजवून, वाफवून त्यावर मोनॅस्कस नावाच्या बुरशीचे विरजण लावतात. उबेत आणि ओलीत काही दिवस ठेवून हलवत राहतात. बुरशी दाण्याच्या आतपर्यंत जाते आणि दाणा लालभडक होतो. मग वाळवतात. चीनमध्ये हा तांदूळ शेकडो वर्षे वापरात आहे. मद्य करायला, मांसाला आणि बदकाला रंग आणायला, आणि पचनाच्या व रक्ताच्या तक्रारींवरही. सोळाव्या शतकात ली शिझेन या वैद्याने लिहिलेल्या मोठ्या औषधीग्रंथात त्याची नोंद आहे.

या गोष्टीचा पुढला भाग जपानमधला, आणि शेतकऱ्याच्या मुलाचा आहे. उत्तर जपानमधल्या अकिता भागात १९३३ साली एका शेतकरी कुटुंबात अकिरा एन्डो यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना अळंब्या आणि बुरशी यांचे वेड. पुढे औषधांच्या कारखान्यात लागल्यावर त्यांनी एक विचार केला. बुरशीला स्वतःचे रक्षण करायचे असते. तेव्हा दुसऱ्या जंतूला कोलेस्टेरॉलसारखे द्रव्य तयारच करू द्यायचे नाही, असे काही अस्त्र एखादी बुरशी बाळगत असेल. १९७१ पासून दोन वर्षांत त्यांनी सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले. १९७३ मध्ये हवे ते सापडले. क्योतो शहरातल्या एका धान्यदुकानातून आलेल्या तांदळावर ती निळसर हिरवी बुरशी वाढलेली होती. आपण जो तांदूळ नाक मुरडून उकिरड्यावर टाकतो, त्यावर!

पुढे १९७९ मध्ये एन्डो यांनीच मोनॅस्कस या बुरशीतून मोनाकोलिन के नावाचे द्रव्य वेगळे काढले. त्याच सुमारास अमेरिकेत दुसऱ्याच एका बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळाले होते. पाहतात तर दोन्ही द्रव्ये एकच! १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली आणि स्टॅटिन जातीची पहिली गोळी बाजारात आली. अण्णांची रात्रीची गोळी याच कुळातली. यकृतातल्या कोलेस्टेरॉल करणाऱ्या घाण्याला लगाम घालायचा, हे या साऱ्यांचे काम. एन्डो २०२४ च्या जूनमध्ये वारले. जगातले कोट्यवधी लोक आज त्यांच्या शोधाच्या जोरावर चालतेबोलते आहेत.

म्हणजे जावयांनी पाठवलेली वस्तू खोटी नव्हती. खोटी असती तर माझे कोलेस्टेरॉल उतरले नसते. अमेरिकेत ८३ लोकांवर केलेली एक पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज २.४ ग्रॅम लाल तांदूळ घेणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल आठ आठवड्यांत सरासरी २५४ वरून २०८ वर आले होते. गुण येतो, तो आत औषध आहे म्हणून. आणि जिथे औषधाचा गुण आहे, तिथे औषधाचा अपायही आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाने मी त्यातला गुण तेवढा मोजला आणि अपाय मोजायचा राहिला. धोतरा नैसर्गिक आहे, साप नैसर्गिक आहे, हे शेतकऱ्याला का सांगायला हवे? पण सुबक बाटली समोर आली की आपली अक्कल खुंटीला टांगली जाते.

मात्रा कोणाला ठाऊक?

गोळीवर मात्रा लिहिलेली असते. दहा मिलिग्रॅम म्हणजे दहाच. लाल तांदळाचे तसे नाही. बुरशीचे वाण कोणते, ऊब किती, ओल किती, दिवस किती, यावर औषध किती उतरेल ते ठरते. एकाच विरजणाचे दही रोज सारखे लागत नाही, तसेच हे. अमेरिकेत बारा निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल तपासून २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एका कॅप्सूलमध्ये मोनाकोलिन के कोठे ०.१ मिलिग्रॅम, तर कोठे १० मिलिग्रॅमपर्यंत. शंभर पटींचा फरक! तणनाशकाच्या डब्यावर तीव्रता लिहिलेली नसेल, तर आपण ते पंपात घालू का? पीक जळेल या भीतीने घालणार नाही. पण पोटात मात्र घातले.

त्याच तपासणीत बारांपैकी चारांत सिट्रिनिन नावाचे विष आढळले. तेही बुरशीच तयार करते आणि ते मूत्रपिंडाला बाधते. औषध देणारी आणि विष देणारी बुरशी वेगळी नाही. एकीच्याच पोटी दोन्ही. भुईमुगाच्या शेंगांना ओल लागली की येणारी बुरशी आपल्याला माहीत आहे. तिच्या विषाने गुरे आणि कोंबड्या दगावतात. त्यातलाच हा प्रकार. कारखाना काळजी घेणारा असेल तर सिट्रिनिन टाळता येते. नसेल तर ते मुकाट्याने आपल्या पोटात येते.

आमच्या घरची गोष्ट होऊन वर्षही झाले नव्हते. मार्च २०२४ मध्ये जपानमधून बातमी आली. तिथल्या एका कंपनीच्या लाल तांदळाच्या गोळ्या घेऊन शेकडो लोक मूत्रपिंडाच्या विकाराने रुग्णालयात पडले, काही दगावले. तपासात निघाले, की तयार होणाऱ्या मालात दुसरीच एक निळी बुरशी शिरली होती आणि तिने विषारी आम्ल तयार केले होते. ज्या देशात हा तांदूळ पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, तिथे ही गत. ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “इरजणात दुसरं काय पडलं की दूध नासतंच.”

युरोपातल्या देशांनी २०२२ मध्ये नियम केला, की लाल तांदळातून दिवसाला मिळणारे मोनाकोलिन ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच असावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठराखालची मुले आणि सत्तरीपुढचे लोक यांनी ते घेऊ नये, आणि कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी चालू असताना तर घेऊच नये, अशी सूचना डब्यावर छापण्याचे बंधन घातले. हे वाचले तेव्हा मी कपाळाला हात लावला. अण्णांच्या बाबतीत मी नेमके हेच केले होते.

मग करावे काय?

कोणी विचारील, मग हा तांदूळ घ्यावा की घेऊ नये? मी शेतकरी आहे, डॉक्टर नव्हे. पण डॉक्टरीणबाईंनी मला जे बजावून सांगितले ते जसेच्या तसे पुढे देतो.

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, जाळी बसली आहे, किंवा मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांची गोळी सोडून हा तांदूळ धरू नये. माझी ही हकिगत वाचून कोणी घाबरून आपली गोळी बंद करू नये, ही हात जोडून विनंती. स्नायू विरघळण्याइतका त्रास गोळीने क्वचितच होतो. अण्णांना झाला तो दोन्ही एकत्र घेतल्याने. सीपीके उतरल्यावर डॉक्टरांनी त्यांना त्याच कुळातली दुसरी गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू केली आहे, आणि ती त्यांना मानवली आहे.

ज्यांचे कोलेस्टेरॉल थोडेच वाढलेले आहे आणि ज्यांना हा तांदूळ घ्यायचाच आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना बाटली दाखवावी. यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी करावी, आणि सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांच्या आत पुन्हा करावी. मोनाकोलिनची मात्रा आणि सिट्रिनिनची तपासणी डब्यावर लिहिलेली नसेल तर तो डबा घरात आणू नये. यकृताचा विकार असणाऱ्याने आणि रोज दारू घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. काही औषधांनी या तांदळातले औषध शरीरात साठत जाते आणि त्याची मात्रा आपोआप वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके आणि गजकर्णावर हल्ली सर्रास दिली जाणारी इट्राकोनॅझोल ही त्यांतली. अंगाला खाज सुटली म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ग्रेपफ्रूट नावाच्या फळानेही तसेच होते. आपले पपनस त्याचेच भावंड, तेव्हा तेही जपून.

मांड्या, खांदे विनाकारण दुखू लागले, जिना किंवा पायरी चढवेना, लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे. ‘लावणीचे दुखणे’ म्हणून अंगावर काढू नये आणि दुखण्याच्या गोळ्या खाऊ नयेत. आणि हौसेने घरी तांदूळ आंबवून लाल करण्याच्या खटपटीत तर कोणीच पडू नये. घरातल्या तांदळावर येणारी बुरशी कोणती, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

माझ्यापुरते म्हणाल, तर मी कॅप्सूल सोडल्या. बाईंनी मला सहा महिने अवधी दिला. मिसरी बंद केली. वनस्पती तूप आणि बाजारचे तळलेले बंद. घरात महिन्याला लागणारे तेल मोजून निम्म्यावर आणले. भात एक वेळ, दुसऱ्या वेळी नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी. हुलगे, घेवडा, मटकी यांचे कालवण आणि जवसाची चटणी. शेतावर गाडीने जायचे सोडून पायी जाऊ लागलो. सहा महिन्यांनी एलडीएल १३१ झाले. बाई म्हणाल्या, “चालेल, पण दर सहा महिन्यांनी दाखवायचं.” पुढे ते चढले तर गोळी घ्यायची, असेही मी आता मनाशी ठरवले आहे. गोळीची पूर्वीची भीती आता राहिली नाही. आता भीती वाटते ती न सांगता, न मोजता घेतलेल्या वस्तूची.

अण्णांनी गेल्या हंगामात पुन्हा लावणीला हात लावला. चार ओळीच लावल्या आणि बांधावर जाऊन बसले. मला त्यांनी आजवर एका शब्दानेही दोष दिलेला नाही. दिला असता तर बरे झाले असते असे कधी कधी वाटते. वहिनींनीही नाही. पण त्यांनी एक केले आहे. ती कापडी पिशवी त्यांनी माजघरातल्या खुंटीला कायमची टांगली आहे. घरात कोणीही काहीही घेत असो, डॉक्टरची गोळी, वैद्याचे चूर्ण, परदेशातली बाटली, नाहीतर शेजारणीने दिलेला काढा, त्याचे वेष्टन त्या पिशवीत पडलेच पाहिजे. दवाखान्यात जाताना पिशवी आधी, माणूस मागून.

परवा डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, “दुसरं काही घेता का?” मी तोंड उघडायच्या आत वहिनींनी पिशवी पुढे केली. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात अशी एक पिशवी असू द्या.